आई रोज बाबांची स्कूटर पुसते, हे ठीक आहे का?

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगते. बाबा जानेवारीत हार्टअटॅकने गेले, आठ महिने झाले. आई रोज सकाळी बाबांची स्कूटर पुसते, किका मारून सुरू करते, दोन मिनिटं चालू ठेवते आणि बंद करते, तिला स्वतःला स्कूटर चालवताच येत नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो आता बस झालं, स्कूटर विकून टाका, आईला मी घेऊन जातो, घर भाड्याने देऊ. ताई स्वतः घाटावर रडल्याच नाहीत, सगळ्यांना पाणी वाटत फिरत होत्या, आणि परवा बर्डीवर चपलेच्या दुकानात बाबांच्या मापाचा आठ नंबरचा जोड दिसला तं तिथल्याच स्टुलावर बसून रडल्या. सहा वर्षांच्या मुलाला सांगितलंय की आबा गावाला गेले. विचारणं असं की हे नॉर्मल आहे का, किती दिवस चालेल, आईला काउन्सेलरकडे न्यायचं का. आणि अगदी शेवटी एक ओळ, की त्या रात्री बाबांच्या छातीत जळजळत होतं तेव्हा मीच म्हटलं होतं गॅसेस असतील, ओवा खा.

ताई, मी नागपुरात बावीस वर्षं काउन्सेलर म्हणून हेच काम करून राहिले, आधी दवाखान्यात आणि आता स्वतःचं. त्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे, पण आधी स्कूटर.

स्कूटर पुसणं अगदी ठीक आहे. मी तुमच्या आईला पहिला प्रश्न हा विचारला असता की काकू, स्कूटर बंद केल्यावर काय करता? आंघोळ करून चहा टाकते, दुधाची पिशवी आत आणते, शेजारणीशी दोन शब्द बोलते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, असं काही असेल तं मला कसलीच काळजी नाही. त्यांनी दिवसातली दहा मिनिटं नवऱ्यासाठी काढली, बाकी दिवस स्वतःचा ठेवला. स्कूटर बंद करून तिथेच तासन्‌तास बसून राहत असतील, जेवायला उठतच नसतील, ‘ते येतील तेव्हा बॅटरी उतरायला नको’ असं खरोखर मनापासून म्हणत असतील, तं मग वेगळं बोलावं लागेल. तेव्हा आठवडाभर लक्ष ठेवा, पण स्कूटरवर नाही, त्यानंतरच्या तासावर.

पूर्वी आमच्या क्षेत्रात असं शिकवायचे की गेलेल्या माणसातून मन काढून घेतलं पाहिजे, तरच माणूस सावरतो. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी हे उलटं मांडलं, की लोक नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते सोबत ठेवतात आणि त्यात आजार काही नाही. मला ते वाचून आपल्या आज्या आठवल्या. विदर्भात अक्षय्य तृतीयेला घागर भरतो, पितृपक्षात पान वाढतो, त्यात गेलेल्याच्या आवडीची भाजी आठवणीने करतो, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो. बौद्ध घरांमध्ये पुण्यानुमोदनाला लोक उभे राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, कधीकधी तासभर, आणि घरच्यांना बाप नव्यानेच कळतो. या सगळ्यात कुठे विसरायला सांगितलंय? म्हणून ‘बाहेर पड’, ‘विसरून जा’, ‘स्ट्राँग राहा’ हे सांगणारे लोक मायेने सांगतात तरी मला ते ऐकून त्रास होतो.

आता किती दिवस. यूट्यूबवर तुम्ही पाच पायऱ्या बघितल्याच असतील, आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग निराशा, मग स्वीकार. एलिझाबेथ कुबलर-रॉस नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये ते मांडलं, पण ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेलं होतं, मागे राहिलेल्यांवर ते नंतर चिकटवलं गेलं, आणि मागे राहिलेले काही पायऱ्या चढत नाहीत. माझ्याकडे लोक येऊन विचारतात मॅडम मला राग आलाच नाही, माझं काही चुकून राहिलं का. काही चुकत नाही. दुःखाला असा क्रम नसतो, उमाळा येतो आणि ओसरतो, सुरुवातीला दिवसातून दहादा, मग आठवड्यातून, मग सणावाराला, आणि मधेच एखादा चपलेच्या दुकानात.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट १९९९ ची आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या दोघांनी म्हटलं की माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. एका टोकाला गेलेलं माणूस, त्याची आठवण, रडणं, फोटो. दुसऱ्या टोकाला त्याच्या जाण्याने अंगावर पडलेली कामं, बँक, गॅस, नवा दिनक्रम, थोडं हसणंसुद्धा. दोन्हीकडे जावं लागतं आणि कुठल्याच टोकाला मुक्काम ठोकायचा नसतो. जो फक्त रडतो तो अडकतो आणि जो फक्त कामं उरकतो तोही अडकतो.

एक काका आठवतात, अजनीकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते). काकू जाऊन तीन महिने झाले होते. मला वाटलं रडतील, आठवणी सांगतील. ते म्हणाले मॅडम मला भाजी घेता येत नाही. मी विचारलं म्हणजे कसं, तं म्हणाले गोकुळपेठच्या बाजारात पिशवी घेऊन उभा राहतो, तो विचारतो किती देऊ आणि मला कळतच नाही की एका माणसाला भेंडी पाव किलो लागते की अर्धा, चाळीस वर्षं पिशवी मीच धरली पण बोलायची ती. आणि मग रिकामी पिशवी घेऊन घरी येतो आणि डब्यातला चिवडा खातो. आम्ही पुढचे दोन सेशन भेंडीवरच बोललो, खरंच. पाव किलो घ्यायची, धुवून पुसून चिरायची, त्यांनी वहीत लिहून घेतलं. चौथ्या सेशनला ते भाजी करून डब्यात घेऊन आले आणि डबा टेबलावर ठेवून तेव्हा पहिल्यांदा रडले. मला नेहमी वाटतं की आधी रडवून घेतलं असतं तं ते रडले नसते. भेंडी चिरता आली, हातात थोडं बळ आलं, मग रडायची हिंमत झाली.

तुमचंही तसंच आहे ताई. घाटावर कोणीतरी पाणी वाटावंच लागतं, दाखला आणावा लागतो, तेरवीला किती पानं होतील ते आचाऱ्याला सांगावं लागतं, आणि ही सगळी कामं आपल्याकडे ज्याच्यावर पडतात त्याला रडायला वेळच नसतो. मग लोक म्हणतात बघा मुलगी किती खंबीर. तेरवी होते, नातेवाईक जातात, गाद्या परत जातात, ऑफिस सुरू होतं. आणि आठ महिन्यांनी, आईचं बऱ्यापैकी मार्गी लागल्यावर, तुमची पाळी आली. त्या दुकानात तुम्ही वेड्यासारखं काही केलं नाही. (ज्याने स्टूल पुढे केला असेल तो भला माणूस.) उलट मी म्हणेन की याला थोडी जागा करून द्या, रोज नाही जमलं तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास, बाबांचे फोटो, त्यांचे व्हॉट्सॲपवरचे ऑडिओ, फुटाळा तलावावर जाऊन बसायचं असेल तं ते, आणि अर्धा तास झाला की उठायचं आणि ठरवलेलं एखादं काम करायचं, इस्त्री का होईना. सुरुवातीला कृत्रिम वाटतं पण वेळ ठरवून दिली की ते कुठेही गाठायचं हळूहळू कमी होतं, बहुतेकांचं होताना बघितलंय. आणि कोणाला रडू आलंच नाही तं तोही आजार नाही, काही माणसांचं दुःख डोळ्यात येत नाही, हातात येतं, ती लोकं अंगण झाडत बसतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत नागपुरात जे झालं ते आठवलं की वाटतं तुम्हाला निदान पाणी तरी वाटता आलं. तेव्हा कित्येकांना चेहराही बघायला मिळाला नव्हता. त्यातल्या एका कुटुंबाला मी दोन वर्षांनी म्हटलं की अस्थी नसल्या तरी चालेल, रामटेकला अंबाळा तलावावर जाऊन या, जे तेव्हा करायचं राहिलं ते आता करा. गेले, सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं, येताना गडावर जाऊन आले. निरोप उशिरा दिला तरी उपयोग होतो.

शरीराचं बोलते कारण ते कोणीच बोलत नाही. दुःख अंगात उतरतं, झोप मोडते, तोंडाची चव जाते, छाती जड होते, विसरायला होतं, गॅस चालू राहतो. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत हार्टअटॅकचा धोका खरोखर वाढतो, त्यातही ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना. आणि एक वेगळा प्रकार आहे, ताकोत्सुबो, १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी नाव दिलं, मोठ्या धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता ढिला पडतो आणि हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, त्या मडक्याचंच नाव ते. हा प्रकार जास्त करून पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसतो, बहुतेक जण बरेही होतात पण त्रास हार्टअटॅकसारखाच होतो म्हणून छातीत दुखलं की घरी बसून ठरवायचं नाही. तुमच्या आईची बीपीची, शुगरची गोळी चालू आहे का? नुसतं विचारू नका, पाकीट हातात घेऊन मोजा. माझ्या अनुभवात अशा घरात सगळ्यात आधी बंद पडते ती मागे राहिलेल्याची गोळी, कारण दोघांच्या गोळ्या काढून ठेवायचं काम गेलेलाच करत असतो.

आणि शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची गोळी अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की ज्यांना फक्त शोक आहे, दुसरा मानसिक आजार नाही, त्यांना बेन्झोडायझेपिन प्रकारातल्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलॅम वगैरे, देऊ नयेत. सवय लागते आणि दुःख तिथंच राहतं. पुरुषांच्या बाबतीत हेच काम दारू करते. भावाकडे पण जरा लक्ष असू द्या.

मुलाचं मात्र आजच दुरुस्त करा, पितृपक्षाची वाट बघू नका. आबा गावाला गेले हे सगळेच सांगतात, जीव होत नाही म्हणून सांगतात. पण सहा वर्षांचं मूल काय ऐकतं? की गावाला गेलेला माणूस परत येत नाही, फोन करत नाही, आणि मला न सांगता गेला. मग त्याचे बाबा टूरवर निघाले की ते बॅग लपवतं, किंवा रात्री अंथरूण ओलं करतं आणि कोणाला कळत नाही का. ‘झोपले’ म्हटलं तं झोपायला घाबरतं. ‘देवाने नेलं’ म्हटलं तं देवाचा राग करतं, एका मुलीने देव्हाऱ्यातला गणपतीच उलटा करून ठेवला होता. सरळ सांगा, की बेटा आम्ही तुला गावाला गेले म्हटलं ते चुकलं, आबा वारले, त्यांचं हृदय बंद पडलं, वारल्यावर श्वास चालत नाही, दुखत नाही, भूक लागत नाही, आणि माणूस परत येत नाही, तू काही केलं म्हणून असं झालं नाही, आणि मी आणि तुझे बाबा ठीक आहोत. मग तो कदाचित दोन मिनिटं रडेल आणि पाचव्या मिनिटाला सायकल मागेल. द्या. मुलं एवढ्याच छोट्या घोटाने दुःख पितात. तोच प्रश्न तो पुढच्या महिन्यात पुन्हा वीस वेळा विचारेल, वीस वेळा तेच उत्तर द्यायचं, त्याच शब्दात. तुम्ही त्याच्यासमोर रडल्या तरी चालेल, फक्त सांगायचं की आबांची आठवण आली म्हणून रडले.

भावाच्या प्रस्तावाला एका वाक्यात उत्तर द्या की वर्षश्राद्धापर्यंत घराचं काही ठरवायचं नाही. आईचा नवरा गेला, त्यात तिचं अंगण, शेजारीण, भाजीवाला, रोजचं देऊळ पण काढून घेतलं तं तिच्यापाशी राहिलं काय. पंधरा दिवस जाऊन येऊ द्या की पुण्याला, परतीचं तिकीट काढून. भावाचा राग करू नका. तो लांब आहे, त्याला काहीच करता येत नाही, म्हणून तो विकू, हलवू, उरकू म्हणतो, ते पण त्याचं पाणी वाटणंच आहे. यंदा महालक्ष्म्या बसवायच्या की नाही यावरून घराघरात भांडणं होतात, तिथेही माझं मत एवढंच की रीत काय आहे ते भटजी सांगतील, पण झेपेल किती ते आईने सांगायचं. आणि हळदीकुंकवाला तिला बाजूला बसवणाऱ्या बायका तुमच्या घरात असतील तं तिथे मात्र तुम्ही उभं राहून बोला.

काउन्सेलरकडे न्यायचं का? मी स्वतः काउन्सेलर असून सांगते की प्रत्येकाला गरज नसते. बहुतेक माणसं घरच्यांच्या, शेजारपाजारच्यांच्या आधाराने सावरतात. साधारण दहातल्या एखाद्याचं दुःख अडकून बसतं, त्याला आता रीतसर नाव आहे, दीर्घकाळ लांबलेला शोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकेच्या २०२२ च्या वर्गीकरणात मोठ्यांसाठी एक वर्षानंतर ते निदान करता येतं, पण नुसता काळ मोजून नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ, माणूस गेलं यावर विश्वासच न बसणं, स्वतःचा एक भाग मेल्यासारखं वाटणं, कशातच अर्थ नाही, लोकांत जाणं बंद, आणि त्यापायी रोजचं जगणं थांबलेलं, असं असेल तं. त्यासाठी वेगळी थेरपी असते, एक पद्धत साधारण सोळा सेशनची आहे. डिप्रेशन वेगळं. शोकात माणूस म्हणतं तो नाही म्हणून जग रिकामं झालं, मधेच हसतं सुद्धा. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतं मीच कुचकामी आहे, आणि कुठल्याच गोष्टीने उजेड पडत नाही. त्याला औषध लागू शकतं आणि ते वेळेत घ्यावं. आणि ‘मला पण त्यांच्याकडे जायचंय’ असं आई बोलली तं घाबरून विषय बदलू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तं एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, तिन्हीकडे ओपीडी आहे, आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आता ओवा.

बावीस वर्षांत मी हे बघितलंय की माणूस जे खरं विचारायला आलेलं असतं ते निघता निघता, दाराशी, चप्पल घालताना बोलतं. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं. मी तुम्हाला ‘तुमची काही चूक नाही’ असं पटकन म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल आणि एकदाही आत गेलं नसेल. त्याऐवजी एक वही घ्या आणि त्या रात्रीचं लिहा, पण फक्त त्या वेळी जे माहीत होतं तेवढंच. किती वाजले होते, बाबा काय म्हणाले, नेमक्या कुठल्या शब्दात, त्या दिवशी जेवायला काय होतं, आधी कधी असं जळजळलं होतं का आणि तेव्हा ओव्याने बरं वाटलं होतं का. जे सकाळी कळलं ते रात्रीच्या पानावर लिहायचं नाही. हृदयाचं दुखणं ॲसिडिटीसारखं वाटणं फार कॉमन आहे, त्यात शुगर असेल तं लक्षणं अजूनच अंधुक असतात, डॉक्टरांचीही फसगत होते. आज तुम्ही स्वतःवर जो खटला चालवून राहिल्या त्यात पुरावा सगळा दुसऱ्या दिवशीचा आहे. लिहून झाल्यावर कदाचित एखादी खरी खंत उरेलही, की मी उठून त्यांच्याजवळ बसायला हवं होतं, किंवा जरा चिडून बोलले होते. उरली तं राहू द्या, ती खंत खंत म्हणून बाबांना सांगा, पत्रात लिहा, फोटोसमोर बोला, पितृपक्षात पान वाढताना मनात म्हणा. खंतीसोबत जगता येतं. गुन्हा मानून नाही जगता येत.

आणि एक करा. आईला विचारा की त्या रात्री तिला काय वाटलं होतं. मी अशी घरं बघितलीत जिथे आई, मुलगा, सून, तिघंही वेगवेगळ्या खोलीत एकच गोष्ट उरात घेऊन बसलेले, प्रत्येकाला वाटे की माझ्यामुळेच झालं आणि हे दुसऱ्याला कळलं तं तो मला माफ करणार नाही. काय सांगावं, डबा शोधून ओवा तुमच्या आईनेच काढून दिला असेल. समोरासमोर खुर्च्या टाकून विचारू नका, तसं नाही जमत आपल्याकडे. सकाळी त्या स्कूटर पुसायला निघाल्या की तुम्ही पण एक फडकं घ्या आणि मागच्या चाकाशी बसा, हात कामात असले की तोंड उघडतं. पहिले दोन-चार दिवस काहीच बोलणं झालं नाही तरी चालेल, नुसतं चाक पुसा.